एल्डरफ्लॉवरची वाइन दरवर्षी १.०३० लाच का अडकते? (आणि पार्सनिपची का अडकत नाही)

माझ्या वाइनच्या वहीत जुलै महिन्याची तीन पानं जवळपास सारखीच आहेत. पहिल्या वर्षी हायड्रोमीटर १.०३० वर थांबला, दुसऱ्या वर्षी १.०२८ वर, तिसऱ्या वर्षी १.०३२ वर. सुरुवात तिन्ही वेळा १.०९० ची होती आणि उतरायला हवं होतं ०.९९५ च्या आसपास. ज्यांना हे आकडे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगते: हायड्रोमीटर म्हणजे द्रव पाण्याच्या किती पट जड आहे ते दाखवणारी काचेची तरंगती नळी (साधं पाणी म्हणजे १.०००). पाण्यात साखर जितकी जास्त तितकी ती वर उचलली जाते, आणि साखरेची दारू होत गेली की खाली बुडत जाते. १.०३२ म्हणजे माझ्या बरणीत लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर तशीच पडून होती. चव कशी? लग्नातल्या सरबतात कुणीतरी गुपचूप थोडी दारू ओतावी, तशी.

मी इंग्लंडमध्ये, यॉर्कशरला राहते. इथल्या हवेत द्राक्षं पिकवणं अवघड, म्हणून खेड्यापाड्यांतली माणसं कुंपणावर आणि परसात जे मिळेल त्याची वाइन घालत आली आहेत. एप्रिलमध्ये डँडेलायन (आपल्या पाथरीच्या पिवळ्या फुलाचा थोरला भाऊच म्हणा), जूनमध्ये एल्डर नावाच्या झाडाची वासाची पांढरी फुलं (तीच एल्डरफ्लॉवर), थंडीत पार्सनिप आणि बीट. पार्सनिप म्हणजे पांढऱ्या गाजरासारखा गोडसर कंद. याला इथे कंट्री वाइन म्हणतात. घरच्यापुरती केली आणि विकली नाही तर परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मात्र तसं नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी दारू गाळणं काय किंवा वाइन घालणं काय, गुन्हाच आहे. त्यामुळे तिकडच्या वाचकांनी हे नुसतं वाचावं. करून बघायचं असेल तर जिथे चालतं तिथेच.

आधी मी कुणाकुणावर आळ घेतला

पहिला आळ थंडीवर. इंग्लंडमध्ये काहीही बिघडलं की आपण आधी थंडीला धरतो. डोशाचं पीठ फुगलं नाही, थंडी. दही लागलं नाही, थंडी. मग वाइन का सुटेल? बरणीला गुंडाळायचा विजेचा पट्टा आणला, तापमान २१-२२ अंशांवर ठेवलं. दुसऱ्या वर्षीची १.०२८ ही त्या पट्ट्याची कमाई.

दुसरा आळ बेदाण्यांवर. फुलांच्या वाइनला अंग यावं म्हणून त्यात पाव किलो बेदाणे घालायची इथली जुनी रीत आहे. माझं माहेर तासगावकडचं, त्यामुळे बेदाणे विकत घ्यायचा प्रश्नच नाही, आई पाठवते. आता सोनेरी बेदाण्याला रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी दिलेली असते, वरून वाळवताना लावलेल्या तेलाचा हलका हात असतो. गंधक यीस्टला, म्हणजे साखरेची दारू करणाऱ्या सूक्ष्मजीवांना, मारतं हे खरं आहे. पण पाव किलो बेदाणे गरम पाण्यात दोनदा धुऊन घेतले तर साडेचार लिटरमध्ये उरतं ते फारच थोडं. शिवाय गंधकाने यीस्ट दगावलं असतं तर वाइन सुरूच झाली नसती. माझी तर पहिले सहा दिवस धो धो फसफसत होती. बेदाणे निर्दोष सुटले.

तिसरा आळ यीस्टवर. पाकीट बदललं. तरी १.०३२.

खरा धागा सापडला तो जानेवारीत, आणि तोही चुकून. अलॉटमेंटवर, म्हणजे नगरपालिकेकडून भाड्याने मिळणाऱ्या बागेच्या तुकड्यावर, पार्सनिप फार झाले होते. दोन किलो उकडून त्याच्या पाण्याची वाइन घातली. तीच बरणी, तसलंच यीस्ट, साखरही तितकीच. पट्टा लावायचा आळस केला, स्वयंपाकघर रात्री १६ अंशांवर यायचं. आणि ही बया पाच आठवड्यांत ०.९९४ ला उतरून मोकळी! थंडीत, कुणी लक्ष देत नसताना.

म्हणजे पार्सनिपच्या पाण्यात असं काहीतरी होतं जे फुलांच्या पाण्यात नव्हतं. हे मी आईला फोनवर सांगत होते. आईला वाइनशी काही देणंघेणं नाही, ती ऐकून घेते इतकंच. पण ती म्हणाली, "अगं, नुसत्या साखरपाण्याला विरजण लावून दही लागेल का? दूध नको?"

झालं. उत्तर एवढंच होतं.

फुलात काय नसतं

द्राक्षाचा रस हा यीस्टसाठी वाढलेलं भरलं ताट असतो. त्यात साखर असते, टार्टारिक आम्ल असतं, सालीबियांमधला तुरटपणा असतो आणि यीस्टला अंग धरायला लागणारं नायट्रोजन असतं. एल्डरची फुलं गरम पाण्यात भिजवून गाळली की उरतो तो वास. अप्रतिम वास, पण वासच. साखर आपण घालतो, आम्लासाठी लिंबू पिळतो, तुरटपणासाठी कपभर कडक कोरा चहा ओततो. नायट्रोजन कुणीच घालत नाही. यीस्ट आधीच्या साठ्यावर चार-सहा दिवस जोरात धावतं आणि मग उपाशीपोटी बसतं. साखर समोर असूनही ती आत ओढून घ्यायची ताकद त्याच्यात उरत नाही.

वाइन व्यवस्थित संपायला लिटरमागे ढोबळमानाने १५० ते २५० मिलिग्रॅम नायट्रोजन यीस्टला घेता येईल अशा रूपात लागतं. फुलांच्या काढ्यात ते नाहीच म्हटलं तरी चालेल. पार्सनिप, बीट, वाटाण्याच्या शेंगा उकडल्या की पाण्यात बरंच काही उतरतं, त्यातच यीस्टचं पोट भरतं.

सगळ्याच फुलांना हा नियम लागू नाही बरं का. आपल्याकडचं मोहाचं फूल घ्या. त्याच्या पाकळ्या मांसल असतात, आणि वाळवलेल्या फुलाच्या वजनातला निम्म्याहून मोठा भाग साखरच असतो. गडचिरोली-नंदुरबारकडे मोह आंबवताना कुणी किलो किलो साखर ओतत बसत नाही ते त्यामुळे. पण एल्डर, डँडेलायन, गुलाब ही सगळी पोकळ वाशाची घरं.

उपाशी यीस्टची एक खूण नाकाला कळते. बरणीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. यीस्टला नायट्रोजन कमी पडलं की ते हायड्रोजन सल्फाइड सोडतं. मला दुसऱ्या वर्षी हा वास आला होता आणि मी सिंकच्या मोरीला दोष देऊन तिथे खायचा सोडा ओतला होता.

आधी खात्री करा: खरंच अडकली आहे का?

एअरलॉकमधले (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या नळीतले) बुडबुडे थांबले म्हणजे वाइन थांबली असं नाही. बादलीचं झाकण नीट बसलं नसेल तर वायू कडेने निघून जातो आणि नळीत एकही बुडबुडा दिसत नाही. उलट थांबलेली वाइनही खोली तापली की विरघळलेला वायू सोडते आणि बुडबुडे येतात. विश्वास हायड्रोमीटरवरच ठेवायचा.

नमुना उंच नळीत घ्या, हलवून त्यातला वायू काढा, मग हायड्रोमीटर सोडताना बोटांनी गिरकी द्या. काचेला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा खोटा चढतो. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेले असतात, गरम रसात मोजू नका. तीन दिवसांनी पुन्हा मोजा. दोन्ही वेळा आकडा तोच, आणि १.०१० च्या वर, तर अडकली म्हणा. तीन दिवसांत शेवटचा अंक एक-दोननं जरी खाली आला असेल तरी ती चालू आहे, फक्त आपल्याला घाई आहे.

सुरुवातीचा आकडाही तपासून बघा. साखर तळाशी न विरघळता बसली असेल तर पहिला आकडा कमी येतो आणि नंतर वाइन मध्येच 'थांबल्यासारखी' वाटते. साडेचार लिटर एकूण द्रवात एक किलो साखर नीट विरघळली तर आकडा १.०८५ च्या आसपास यायला हवा. बेदाण्यांतली साखर हळूहळू उतरते, ती वेगळी धरा. मी म्हणूनच पाव किलो बेदाण्यांबरोबर ९०० ग्रॅमच साखर घेते. जुन्या पाककृतींत दीड-दीड किलो साखर लिहिलेली असते. ती घालून १.१२५ च्या पुढे सुरुवात केलीत तर यीस्ट भुकेने नाही, साखरेच्या आणि पुढे दारूच्या माऱ्याने पडतं. तिथे औषध वेगळं: पाणी घालून सौम्य करायची.

अडकलेली वाइन सोडवायची कशी

आता १.०३० च्या आसपास अडकलेली, अंदाजे साडेसात टक्के अल्कोहोल झालेली बरणी समोर आहे असं धरू. (सुरुवातीच्या आकड्यातून आताचा वजा करा आणि १३१ ने गुणा. माझ्या तिसऱ्या वर्षीच्या बरणीचं: १.०९० वजा १.०३२ म्हणजे ०.०५८, गुणिले १३१ म्हणजे ७.६.)

हे टक्के काढणं महत्त्वाचं आहे, कारण नऊ-दहा टक्क्यांच्या पुढे यीस्टला बाहेरून घातलेलं खाद्य घेताच येत नाही. तेव्हा चमचे ओतलेत तर वाइन खारट लागेल, दुसरं काही नाही. साडेसातला अजून वेळ गेलेली नसते. सपाट अर्धा चमचा यीस्ट न्यूट्रिएंट थोड्या वाइनमध्ये विरघळवून बरणीत घाला, बरणी २० अंशांच्या वर आणा, तळाचा गाळ हलक्या हाताने ढवळून वर उठवा. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा एवढ्यानेच गाडी सुरू होते. चार दिवस वाट बघा.

न्यूट्रिएंटच्या डबीवर काय लिहिलंय ते वाचलंत तर शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हसू येईल: डायअमोनियम फॉस्फेट. म्हणजे आपलं डीएपी. आमच्या द्राक्षबागेच्या शेडमध्ये ज्याच्या पोत्यांवर बसून मी अभ्यास केला तेच मी इथे पन्नास ग्रॅमच्या डबीत विकत घेते. पण म्हणून पोत्यातलं घालायचं नाही. खताला खाण्याची शुद्धता नसते. आणि युरिया तर मुळीच नाही: युरियापासून वाइनमध्ये इथाइल कार्बामेट तयार होतं, ते कर्करोगाच्या संशयितांपैकी आहे.

चार दिवसांनी काहीच हललं नाही तर नवं यीस्ट लावावं लागतं. इथे सगळ्यांची एक चूक ठरलेली: पाकीट फोडून थेट बरणीत. साडेसात टक्के दारूत कोरडं यीस्ट टाकणं म्हणजे पोहायला न येणाऱ्याला पुरात ढकलणं. त्याला पायरीपायरीने उतरवा. ईसी-१११८ सारखं दणकट यीस्ट घ्या, ते अठरा टक्क्यांपर्यंत तग धरतं. पाच ग्रॅमचं पाकीट ३५ ते ४० अंशांच्या पन्नास मिली पाण्यात वीस मिनिटं भिजवा. मग त्यात एक वाटी साखरेचं पातळ पाणी आणि चिमूटभर न्यूट्रिएंट. फेस चढला की तेवढीच अडकलेली वाइन घाला. पुन्हा फसफसायला लागेपर्यंत थांबा, कधी चार तास, कधी एक रात्र. मग आहे तेवढीच पुन्हा वाइन. असं दुप्पट दुप्पट करत दीड-दोन लिटर झालं की मग उरलेली त्यात ओता. हे मिश्रण बरणीत नाही ओतायचं, बरणीतली वाइन या मिश्रणात ओतायची. पूर्ण शनिवार-रविवार जातो. मी एकदा मधली एक पायरी गाळली, आणि ते दमदार फसफसणारं यीस्ट दोन तासांत गप्प झालं.

बाजारचा रस घालत असाल, म्हणजे बेदाण्यांऐवजी पांढऱ्या द्राक्षाचा खोक्यातला रस, तर मागची बारीक अक्षरं वाचा. पोटॅशियम सॉर्बेट लिहिलेलं असेल तर ते यीस्टला वाढूच देत नाही. तसल्या बरणीवर वरचे कुठलेच उपाय चालत नाहीत.

पुढच्या जूनमध्ये अडकू नये म्हणून

फुलं कोरड्या, उन्हाच्या दिवशी सकाळी तोडा. पावसात भिजलेल्या फुलात पराग धुऊन जातो आणि पराग गेला की वास गेला. मी कालव्याकाठच्या झाडांवरून बारा-पंधरा झुबके आणते आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून काट्याने फुलं झाडते, जशी आपण कोथिंबीर निवडताना दांडी बाजूला करतो तशी. हिरवी देठं घेऊ नका. ती कडू तर असतातच, शिवाय एल्डरच्या देठापानांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. सैलसर भरून अर्धा लिटर फुलं साडेचार लिटरला पुरतात. जास्त घातलीत तर मांजराच्या मुताचा वास येतो, हे मी कौतुकाने नाही, अनुभवाने सांगतेय. डँडेलायनचंही तेच: फक्त पिवळ्या पाकळ्या, हिरवी वाटी नको. ओळख पटल्याशिवाय कुठलंही फूल घालू नका. डॅफोडिल, फॉक्सग्लव्ह, लिली ऑफ द व्हॅली, आपली कण्हेर आणि धोतरा ही सगळी विषारी आहेत आणि आंबवल्याने विष जात नाही.

फुलं उकळू नका. गरम पाणी, साखर, दोन लिंबांचा रस आणि पिवळी साल (पांढरी नको), कोरा चहा, धुतलेले चिरलेले बेदाणे. मी आता लिंबाबरोबर एक चमचा सायट्रिक आम्लही घालते, कारण दोन लिंबांतून फार तर चार-पाच ग्रॅम आम्ल येतं आणि साडेचार लिटरला ते अपुरं पडतं. थंड झाल्यावर एक कॅम्पडेन गोळी (रानटी जंतू मारणारी गंधकाची गोळी), चोवीस तास थांबून यीस्ट. या चोवीस तासांत घाई केलीत तर गोळीतलं गंधक यीस्टलाच गाठतं.

आणि न्यूट्रिएंट. सपाट एक चमचा साडेचार लिटरला, पण दोन हप्त्यांत: अर्धा यीस्टबरोबर, अर्धा आकडा १.०६० च्या आसपास आला की. सगळं पहिल्याच दिवशी दिलं तर यीस्ट एकदम पिसाटतं, तापतं आणि फुलांचा वास त्या वाफेबरोबर उडून जातो. पहिले तीन दिवस बादलीत रोज ढवळा, त्या काळात यीस्टला हवा लागते. बरणीत गेल्यावर मात्र हवा बंद.

भाज्यांचा आजार उलटा

पार्सनिप अडकत नाही म्हणून मी त्याचं कौतुक केलं खरं, पण ती वाइन एप्रिलमध्ये, मेमध्ये, ऑगस्टमध्ये भाताच्या पेजेसारखीच होती. फुलाला कमी पडतं, कंदाला जास्त होतं. कंदात पिठूळपणा असतो, पेक्टिन (जॅम घट्ट धरणारा चिकट पदार्थ) असतं, आणि ते वाइनमध्ये उतरलं की वर्षभर खाली बसत नाही. आकडा ०.९९४, चव छान, आणि ग्लास बल्बसमोर धरला तर पलीकडचं काही दिसत नाही.

इथे लोक आधी गाळायला लागतात: फडकं, कापूस, कॉफीचा कागद. गाळून काही होत नाही आणि तेवढ्या वेळात हवा लागून वाइन तपकिरी पडते. आधी बघा कशामुळे गढूळ आहे. पांढऱ्या बशीत चमचाभर वाइन घ्या, वर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब. निळंकाळं झालं तर पिठूळपणा. (ती वाइन फेकून द्या. बिटाच्या लाल वाइनवर हा रंग नीट दिसत नाही, तिथे पाणी घालून फिकी करून बघा.) दुसऱ्या तपासणीला छोट्या बाटलीत एक भाग वाइन आणि चार भाग स्पिरिट हलवून तासभर ठेवा. शेवाळासारखे धागे किंवा गुठळ्या दिसल्या तर पेक्टिन.

पिठूळपणाला अमायलेज, पेक्टिनला पेक्टोलेज. दोन्ही एन्झाइमं पूड म्हणून मिळतात, दोन्ही उकळत्या पाण्यात मरतात, दोन्हींना थंड कपाटापेक्षा उबदार कोपरा आवडतो. झालेल्या वाइनमध्येही घालता येतात, फक्त तेव्हा दुप्पट मात्रा आणि चिकाटी लागते. माझ्या पार्सनिपमध्ये आयोडीनने बशी शाईसारखी काळी केली होती. अमायलेज घालून बरणी बॉयलरच्या कपाटात ठेवली. नवव्या दिवशी वरचे दोन बोटं काचेसारखे स्वच्छ दिसले, तीन आठवड्यांत तळाशी दीड इंच गाळ. दोन्ही तपासण्या कोऱ्या आल्या आणि तरी धूसर असेल तर बहुधा प्रथिनं असतात, तिथे बेंटोनाइटची माती चालते.

मूळ चूक मात्र स्वयंपाकातली होती. मी पार्सनिप भाजीसारखे मऊ उकडले आणि मग फडक्यात घालून चक्का पिळावा तसे पिळले. अलॉटमेंटवरचे शेजारी आजोबा, जे माझ्या जन्माच्या आधीपासून ही वाइन घालताहेत, ते नुसते बघून हसले. सुरी आत जाईल पण तुकडा मोडणार नाही इतपतच उकडायचं, आणि पाणी आपलं आपण निथळू द्यायचं, पिळायचं नाही. पार्सनिप दोन-चार हिमाच्या रात्री खाल्ल्यावरच काढायचे, थंडीने त्यांच्यातल्या पिठाची साखर होते. बिटाला मातकट वास येतो तो जिओस्मिनचा, पावसाच्या पहिल्या सरीचा वास ज्याने येतो तेच. साल जाड काढली आणि आम्ल पुरेसं घातलं तर वर्षभरात तो निघून जातो. बाटल्या अंधारात ठेवा, उजेडात बिटाचा लाल रंग विटकरी होतो.

एका गोष्टीवर थट्टा नाही

कंद मातीत वाढतात आणि मातीत बॉट्युलिझमच्या, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेच्या, जंतूंचे बीजाणू असतात. साधं उकळल्याने ते मरत नाहीत. आम्ल नसलेलं, झाकून ठेवलेलं, कोमट कंदाचं पाणी त्यांना फार मानवतं. २०११ साली अमेरिकेत, युटाच्या तुरुंगात कैद्यांनी बटाटा घालून चोरून दारू आंबवली आणि आठ जणांना बॉट्युलिझम झाला. म्हणून भाज्यांच्या वाइनमध्ये आम्ल 'चवीनुसार शेवटी' नाही. पाणी गाळलं की लगेच सायट्रिक आम्ल घाला, पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या बराच खाली, ३.५ च्या आसपास आणा, आणि दुसऱ्याच दिवशी यीस्ट लावा. पीएचच्या पट्ट्या स्वस्त असतात. कच्च्या कंदाचे तुकडे आठवडाभर पाण्यात भिजत ठेवायची पाककृती कुणी दिली तर करू नका.

घरून हमखास येणारा दुसरा प्रश्न: "विषारी दारू होणार नाही ना?" २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली, ती दारूत मिसळलेल्या मिथेनॉलने. साखर आणि यीस्टच्या साध्या आंबवणीत मिथेनॉल अगदी नगण्य होतं. हां, ती वाइन भट्टीवर चढवायचा विचार असेल तर तो इथेही गुन्हा आहे.

आणि जिन्याखालचं कपाट

दुसऱ्या वर्षीची १.०२८ वाली वाइन मी "गोड वाइन झाली म्हणायचं" असं स्वतःला समजावून नोव्हेंबरमध्ये बाटल्यांत भरली. सहा बाटल्या, बूच ठोकून, जिन्याखाली. मे महिन्यात पहिलं ऊन पडलं त्या रात्री दोन वाजता नवरा उठून बसला, कुणीतरी दार फोडतंय म्हणून. तीन बुचं उडाली होती, एका बाटलीचा तळच सुटला होता, आणि थंडीचे बूट एल्डरफ्लॉवरने निथळत होते. यीस्ट मेलं नव्हतं, झोपलं होतं.

अडकलेली वाइन म्हणजे संपलेली वाइन नव्हे. गोड ठेवायची असेल तर आधी तिला खालपर्यंत उतरू द्या, निवळू द्या, मग पोटॅशियम सॉर्बेट आणि कॅम्पडेन दोन्ही एकत्र घाला, आणि मग चवीपुरती साखर. नुसतं सॉर्बेट नको, बॅक्टेरियांनी त्याच्यावर काम केलं तर जिरेनियमच्या चुरडलेल्या पानासारखा वास येतो आणि तो कशानेही जात नाही. फसफसणारी वाइन सॉर्बेटने थांबत नाही, हेही लक्षात ठेवा.

यंदाची बरणी १२ जूनला घातली. न्यूट्रिएंटचा दुसरा हप्ता पाचव्या दिवशी दिला, विजेचा पट्टा अलॉटमेंटवरच्या आजोबांना देऊन टाकलाय, ते त्यावर टोमॅटोची रोपं उगवतात. काल संध्याकाळी मोजली. ०.९९६. अजून थोडी धुरकट आहे आणि लिंबू जरा पुढे येतंय, पण ते डिसेंबरपर्यंत बसेल. आई विचारत होती बेदाणे किती पाठवू.